कार्पेटखालची करकर: सोलापुरातून अमेरिकेला निघालेल्यांसाठी

सध्या महिनाभर सोलापुरात आहे. ऑगस्टमध्ये शिकायला निघालेली चार-पाच पोरंपोरी घरी येऊन गेली. बॅगेचं वजन, बँकेचं खातं, शेंगाचटणी किती न्यायची, सगळं विचारलं. तिकडच्या घरातल्या जमिनीबद्दल कुणी विचारलं नाही, आणि सुचणार तरी कसं? आपण शहाबादी फरशीवर वाढलेली माणसं. फरशी तापते, गार पडते, पण पाय ठेवला म्हणून ओरडत नाही.

तिकडची बरीचशी भाड्याची घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात. साधारण 16 इंचांवर एकेक तुळई, तिला जॉइस्ट म्हणतात. त्यावर प्लायवूडसारखे तक्ते ठोकलेले, वर मऊ पॅड आणि मग कार्पेट. लाकूड वाळलं की आकसतं, खिळ्याची पकड सुटते आणि पाय पडला की तक्ता खिळ्याला घासत वरखाली होतो. हीच ती करकर. म्हणूनच ऑगस्टच्या दमट हवेत गप्प असलेलं घर जानेवारीत, इकडे गड्ड्याची जत्रा भरलेली असते तेव्हा, हीटरच्या कोरड्या हवेत पावलापावलाला वाजायला लागतं. नुसत्या आवाजाला घाबरू नका. पण जागा मऊ लागली, खचली किंवा कुबट वास आला, तर पाणी मुरत असण्याची शक्यता असते. ते त्याच दिवशी कळवा.

माझी चूक सांगतो. पहिल्या हिवाळ्यात रात्री उशिरा घरी यायचो. पलंगाजवळची जागा वाजायची आणि खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठायचं. फार वाईट वाटायचं. शेवटी ड्रिल आणून कार्पेटवरूनच सरळ स्क्रू मारला. कार्पेट फासांच्या विणीचं होतं. स्क्रूच्या आट्यांत एक धागा गुंडाळला गेला आणि बघता बघता हातभर रेघ उसवली. आवाजही थांबला नाही, कारण स्क्रू तुळईत गेलाच नव्हता, दोन तुळयांमधल्या तक्त्यात नुसता अडकला होता. घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. खालून वायर किंवा पाण्याचा पाइप गेला असता तर काय झालं असतं, हे आठवून आजही धस्स होतं.

भाड्याच्या घरात हे काम मालकाचं. तुम्ही फक्त जागा नेमकी शोधा: एकाने अनवाणी हळूहळू चालायचं, दुसऱ्याने कान देऊन टेपचा तुकडा चिकटवायचा. आवाजासकट व्हिडिओ काढा आणि ईमेलनेच कळवा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या घरी मेंटेनन्सच्या माणसाने हेच काम माझ्यासमोर केलं. आधी तुळई शोधली, मग तिपाईसारख्या छोट्या साच्यातून खाच पाडलेला स्क्रू कार्पेटमधून खाली नेला. ठरलेल्या खोलीवर थांबून हलकेच हेलकावा दिला, तशी टक् करून स्क्रूची मान कार्पेटच्या खाली तुटली. वरून हात फिरवला तर काही लागेना.

तो माणूस येईपर्यंत पलंग सरकवून वाट बदला. वर चादरी अंथरून उपयोग नाही. घासणं खाली चालू असतं. आवाज थांबवायला टाकलेली टाल्कम पावडरही कार्पेटमधून खाली उतरत नाही. आणि खालच्या मजल्यावर जाऊन एकदा ओळख करून घ्या, मालकाला कळवलंय हे सांगा. जाताना शेंगाचटणी मात्र विचारल्याशिवाय देऊ नका, काहींना शेंगदाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते.