रेकॉर्डिंगमध्ये खरखर, टकटक येतेय? सेटिंगला हात लावण्याआधी हे करा

चिपळूणला घरीच मी आजूबाजूच्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा माइक), रेकॉर्डिंगला रीपर आणि साफसफाईला ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर, एवढंच सामान. तीच ओवी पुन्हा म्हणायला लावली की शब्द बदलतात, चाल बदलते. म्हणून मधेच ‘टक्’ झालं की मला फार लागतं, आणि त्याचं मूळ शोधल्याशिवाय मी पुढचं रेकॉर्डिंग घेत नाही.

आधी तीच फाइल मोबाइलवर, हेडफोन लावून ऐका. खरखर दर वेळी नेमक्या त्याच सेकंदाला आली, तर ती फाइलमध्ये बसली आहे. लॅपटॉपवर येते पण मोबाइलवर येत नाही, तर फाइल शाबूत आहे. दोष वाजवण्यात आहे.

फाइलमध्येच असेल तर त्या जागी वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारा आवाजाच्या लाटेचा आलेख, भरपूर मोठा करा, इतका की एकेक सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप) ठिपक्यासारखं दिसेल. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

लाटेचा माथा कापल्यासारखा सपाट दिसला, तर आवाज फाटलाय. गेन, म्हणजे इंटरफेसवरची माइकचा आवाज वाढवण्याची कळ, कमी करा. सगळ्यात चढा सूरही -१२ ते -६ डेसिबलच्या आत राहू दे. फाटलेला आवाज नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही. ‘प’, ‘फ’, ‘भ’ च्या जागी मोठी, संथ लाट उठली असेल तर तो श्वासाचा झोत आहे. पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावा, माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घ्या.

लाट नीट चालली असताना एकदम तुटून सरळ उभी कडा दिसते, तेव्हा मधली सॅम्पल गळालेली असतात. संगणक सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतो, पण ती गठ्ठ्यांनी उचलतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. बफर १२८ असेल तर गठ्ठा उचलायला तीन मिलिसेकंदही मिळत नाहीत. ५१२ केला की साधारण अकरा मिळतात. तेवढ्यात वाय-फायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, की गठ्ठा चुकला आणि ‘टक्’ झालं. लोक बफर उगाच लहान ठेवतात. गाणारीला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे लॅपटॉपमधून न फिरता थेट, ऐकू येत असेल, तर बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवा, काही बिघडत नाही. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर न्या, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी विंडोजची सोय) बंद करा, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. तरीही भागलं नाही तर लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी दाखवतं.

टकटक ठरावीक अंतराने येत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घ्यायची तो आकडा, तपासा. प्रोजेक्टला ४८,००० आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४४,१००, असं नको. यूएसबी माइकने रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपच्या जॅकवर ऐकायचं, यातही दोन उपकरणांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शक्यतो आत-बाहेर एकाच उपकरणातून करा.

आता आमच्या कोकणचा खास दोष. कोणी बोलत नसतानाही वेव्हफॉर्ममध्ये एकट्यादुकट्या बारीक सुया दिसतात, कानाला तडतड लागते. आधी केबल बदला, तिची दोन्ही टोकं हलवून बघा. मग त्याच केबलवर साधा डायनॅमिक माइक (वीज न लागणारा) लावा. तडतड थांबली तर कंडेन्सरच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पडद्याच्या भागाला, ओल लागली आहे. तिच्यावर विद्युतभार धरलेला असतो आणि दमट हवेत तो झिरपतो. जुलै-ऑगस्टमध्ये माइक स्टँडवर तसाच सोडू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल टाकून रात्रभर ठेवा. बहुतेकदा सकाळी तो शांत झालेला असतो. हेअर ड्रायर मात्र अजिबात मारू नका, पडदा फार नाजूक असतो. माइक काढताना-लावताना ४८ व्होल्टचं फँटम (इंटरफेसमधून कंडेन्सर माइकला जाणारी वीज) बंद असू द्या.

एकसारखी घरघर असेल आणि चार्जर काढल्यावर ती जात असेल, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या.

झालेल्या रेकॉर्डिंगमधला एखादा ‘टक्’ काढायचा असेल तर आधी फाइलची प्रत करा. ऑडॅसिटीत तेवढाच तुकडा निवडून ‘रिपेअर’ चालवा. ते एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद. जोडकाम केलेल्या जागी टिकटिक येत असेल तर तिथे पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढू द्या. सगळ्या फाइलवर एकदम ‘क्लिक रिमूव्हल’ मात्र मी कधीच चालवत नाही. ते ‘ट’ आणि ‘च’ बोथट करतं, आणि खुंटा फिरवताना होणारी बांगड्यांची किणकिणही पुसून टाकतं. मला ती किणकिण हवी असते.