‘हट्टीपणा वाढलाय’ म्हणण्याआधी: बौद्धिक दिव्यांगांच्या आरोग्याबाबत या चुका टाळा

पंधरा दिवसांपासून रात्री झोपत नाही, ताट ढकलतो, अंगावर धावून येतो. घरचे म्हणतात, ‘त्याचं असंच असतं.’ पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. बौद्धिक अक्षमता पंधरा दिवसांत वाढत नाही. वागणं अचानक बदललं, तर आधी शरीरात काय दुखतंय ते पाहायचं.

प्रत्येक लक्षणाचं खापर अक्षमतेवर फोडण्याच्या या सवयीला संशोधकांनी १९८२ मध्ये ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ असं नाव दिलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या २४७ मृत्यूंच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्या होत्या. निदानाला आणि उपचारांना झालेला उशीर त्यात ठळकपणे दिसला.

तपासायचा क्रम साधा ठेवा: दात, कान, पोट, लघवी, आणि मुलींमध्ये पाळीच्या तारखा. कानशिलावर हात मारून घेणं हे कानात साठलेल्या मळामुळे किंवा किडलेल्या दाढेमुळेही असू शकतं. आकडीसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या सुजतात आणि कीड सूज आलेल्या हिरडीखाली लपते. डाउन सिंड्रोम असेल तर मरगळीला ‘आळस’ म्हणू नका. थायरॉइडची टीएसएच तपासणी दरवर्षी करा.

पोट साफ आहे असं गृहीत धरणं

याबाबतीत सर्वाधिक फसगत होते. मूल मोठं झालं, एकटं संडासला जाऊ लागलं की पुढचं कुणी पाहत नाही. मग एक दिवस चड्डीला पातळ डाग दिसतात, घरात जुलाब समजून केळं-भात सुरू होतो आणि जुलाब थांबवायची गोळीही दिली जाते. प्रत्यक्षात आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. त्या गोळीने अडथळा आणखी वाढतो. सलग तीन दिवस शौच नाही, पोट टम्म आणि उलटी होत असेल, तर घरी उपाय करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच द्यायचा. कमी पाण्यात तो आतड्यात लगद्यासारखा बसतो. गिळायला त्रास होणाऱ्यांना तर तो देऊच नका, घशात अडकू शकतो. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तहान लागली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मोजून पाणी द्यावं लागतं. शिवाय औषधांची यादी पाहा: रिस्पेरिडोन या शांत ठेवण्याच्या औषधासोबत त्याचा थरथर-ताठरपणा कमी करायला बऱ्याचदा ट्रायहेक्सीफेनिडिल दिलेलं असतं आणि या दुसऱ्या औषधाने बद्धकोष्ठता होते. ते अजून लागतंय का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून काहीही बंद करू नका. आकडीची गोळी तर एक दिवसही चुकवू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

शांत ठेवण्याची औषधं सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. फार कमी घरांत हे होतं.

ओपीडीत रिकाम्या हाती जाणं

तपासणीची सात-आठ मिनिटं ‘काय होतंय?’ यातच संपतात. वहीत दोन आठवड्यांची नोंद न्या: झोप, जेवण, शौच, पाळी, आणि चिडणं नेमकं कधी होतं. जेवणानंतर अर्ध्या तासाने होणारी चिडचिड आणि शौचाच्या वेळची चिडचिड डॉक्टरांना वेगवेगळ्या दिशेने नेते. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ असला तर आणखी उत्तम. रक्त काढायचं असेल तर आदल्या आठवड्यात घरी दंडाला पट्टा बांधून, कापूस लावून सवय करा. बधिर करणारं मलम तासभर आधी लावता येतं, त्याबद्दल विचारा.

सगळं एकट्या आईला माहीत असणं

ती आजारी पडली की तिच्याबरोबर सगळी माहितीही अंथरुणाला खिळते. एका कागदावर औषधं, मात्रा, अ‍ॅलर्जी आणि दुखलं की तो काय करतो हे लिहा. पण कागद पुरेसा नाही. महिन्यातून एक पूर्ण दिवस काकू किंवा बहिणीने एकटीने सांभाळावं, आई घरात नसताना.

अठरा पूर्ण झाल्यावरही आपणच पालक, हा समजही चुकीचा आहे. कायद्याने तो आता सज्ञान असतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा असून ओपीडीचा खर्चही मिळतो, पण नूतनीकरण चुकवलं तर संरक्षण तुटतं.

आपल्यामागे पालक म्हणून ज्याचं नाव द्यायचं ठरवलंय, त्या भावाला किंवा मावशीला पुढच्या तपासणीला सोबत न्या. वही त्यांच्या हातात द्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या.