पावसाळी बंदीनंतर होडीचे इंजिन सुरू होत नसेल तर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. ती उठल्यावर होडी पाण्यात लोटावी, तर दोन महिने पडून असलेले पेट्रोलवरचे आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले) इंजिन कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही. अशा वेळी दोरी ओढत राहिल्याने ठिणगी देणारे स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि काम अधिकच अवघड होते, म्हणून आधी थांबावे.

प्रथम किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे, याची खात्री करावी. नंतर इंधननळीवरचा रबरी बल्ब दाबावा. तो कडक होत नसेल तर नळीत कुठेतरी हवा शिरत आहे किंवा बल्बमधील झडप निकामी झाली आहे.

आता टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि पाणी वाढले की पेट्रोलपासून सुटून पाण्यासह तळाशी बसते, आणि इंधननळी नेमकी तिथूनच ओढते. बाटलीत दोन थर दिसले किंवा आंबूस वास आला, तर सगळे इंधन बदलावे. टू-स्ट्रोक इंजिनात नव्या पेट्रोलमध्ये पुस्तिकेतील प्रमाणातच ऑइल मिसळावे.

त्यानंतर प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पुसून, वाळवून परत बसवावा. कोरडा असेल तर इंधन पोहोचतच नाही.

माझ्या मते बहुतेक वेळा दोष कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीला इंधन सोडणाऱ्या बारीक नळीत निघतो, कारण सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्याचे केसाएवढे छिद्र बुजवतो. इंजिन चोकवर (हवा कमी करणारी कळ ओढून) चालते आणि चोक काढताच बंद पडते, ही त्याची खूण. फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरखालची इंधनाची वाटी) उघडून ते जेट कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावे आणि उजेडासमोर धरून छिद्र आरपार दिसते का ते पाहावे. तार मात्र कधीही घालू नये, छिद्र मोठे होऊन इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते.

इंजिन किनाऱ्यावर चालवून पाहताना त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवावा, नाहीतर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (रबरी पात्यांचे चाक) जळते. सुरू झाल्यावर मागच्या छिद्रातून पाण्याची धार येते का ते पाहावे आणि ती येत नसेल तर इंजिन लगेच बंद करावे.