मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाशी वाद होतो तो कुठे? या चुका टाळा

मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा 45 च्या आसपास असतो. अशा उन्हात केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर पानं मान टाकतात आणि घडाच्या वजनात फरक पडतो. त्यातच बोअरमधली मोटार बंद पडली, की शेतकरी ती ट्रॅक्टरमध्ये टाकून दुकानात आणतो. ‘भाऊ, मोटार जयी गई, सांजले भेटी का?’ (मोटार जळाली, संध्याकाळी मिळेल का?) असं विचारणाऱ्या माणसाचा आवाज चढलेला असणारच. त्याला ‘कटकटी गिऱ्हाईक’ ठरवणं ही पहिली चूक. आठवड्याने होणाऱ्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा मोटार ताब्यात घेतानाच्या दहा मिनिटांत असतं.

मोटार वर काढायला सांगण्याची घाई

फोन आला की ‘काढून आणा’ असं सांगून मोकळं होऊ नका. 300 फुटांवरची मोटार काढायची म्हणजे 20 फुटी 15 पाइप, घोडी, चेनकप्पी आणि चार माणसांची मजुरी. एवढं करून मोटार चांगलीच निघाली तर तो खर्च तुमच्या नावावर लागतो आणि गावभर बोललाही जातो.

आधी स्टार्टरपाशी जाऊन तपासा. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा, तिन्ही तारांवर वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि मगच मोटारीची केबल सोडा. 500 व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या मीटरने) प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात रीडिंग घ्या. मग मल्टीमीटरने तीन तारांमधले तीन रेझिस्टन्स मोजा. तिन्ही सारखे आणि मेगरचं रीडिंग चांगलं असेल तर वाइंडिंग (मोटारीतल्या तारेच्या कॉइल) बहुधा शाबूत आहे. मग दोष पुरवठ्यात, स्टार्टरमध्ये किंवा वाळूने जाम झालेल्या पंपात शोधावा लागतो. मेगर 1 मेगाओमच्या खाली आला तर केबल, तिचा जॉइंट किंवा मोटार यांपैकी एकाचं आवरण खराब झालेलं असण्याची शक्यता असते. तेव्हाही ‘मोटार जळाली’ म्हणू नका. ‘वर काढल्यावर केबल आणि मोटार वेगवेगळी तपासू’ असं म्हणा. हे शेतकऱ्याला मल्टीमीटरचा आकडा दाखवत करायचं. ही कामं त्याने स्वतः करून पाहू नयेत, हेही फोनवरच सांगा.

जळालेलं वाइंडिंग न दाखवता कापणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. घाईच्या दिवसांत मोटार आली की पोरगा लगेच कॉइल कापायला बसतो आणि पुरावा भंगारात जातो. चार महिन्यांनी मोटार पुन्हा जळाली की ‘तुम्ही हलकी तार घातली’ हे वाक्य ठरलेलं, आणि तुमच्या हातात दाखवायला काही नसतं.

मोटार उघडली की गिऱ्हाइकाला बोलवा. येता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून पाठवा, फोटोत मोटारीची पाटीही दिसू द्या. तीन फेजच्या कॉइल आतून स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडलेल्या असतात. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल जळून तिसऱ्या फेजच्या कोऱ्या राहिल्या असतील तर तिला दोनच फेज मिळाल्या होत्या. डेल्टात उलट, एका फेजच्या कॉइल जातात आणि दोन राहतात. सगळ्याच कॉइल सारख्या वितळल्या असतील तर जादा लोड, कमी व्होल्टेज किंवा जाम पंप. एकाच खाचेत भोक पडलेलं आणि बाकी वाइंडिंग ताजं दिसत असेल तर तिथे तारेचं आवरण फाटलं होतं.

आणि हीच खूण तुमच्याविरुद्धही वापरा. रिवाइंडिंगनंतर थोड्याच दिवसांत मोटार परत आली आणि जळण्याची जागा एका खाचेपुरती किंवा आतल्या जॉइंटपुरती असेल, तर चूक आपली. ते तोंडाने कबूल करा, काम फुकट करून द्या आणि मोटार काढण्या-सोडण्याच्या मजुरीचं काय तेही बोला. दोष आपला असताना विजेवर ढकलणारा कारागीर पुढच्या वेळी खरं बोलला तरी कोणी ऐकत नाही.

सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवली होती का, हा प्रश्न विचारताना सूर सांभाळा. ‘तुम्हीच जाळली’ असं चार लोकांत म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. ‘नाना, या दोन कॉइल बघा, तिसरी कोरी आहे. रात्री फेज गेली होती का?’ असं विचारलं की तो स्वतःच सांगतो.

जुन्या तारेचा हिशेब

तांब्याचा भाव गिऱ्हाइकालाही माहीत असतो. जुनी तार कुणाची हे आधी ठरलं नसेल तर शेवटी मजुरीवरूनही वाद निघतो. जुनी तार काढल्यावर काट्यावर ठेवा, वजन पावतीवर लिहा. तो घेऊन जाणार की बिलातून वळती करणार, हेही लिहा. नव्या तारेचा गेज, एका कॉइलचे वेढे आणि तारेचं वजन या तीन गोष्टी त्याच पावतीवर हव्यात. मूळ कॉइलचे वेढे मोजूनच नवे भरायचे. अंदाजाने भरलेली मोटार जादा अँपिअर घेते आणि हलक्या तारेचा आरोप मग खराच ठरतो.

पावती टाळू नका. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

‘उद्या देतो’

कॉइल काढून खाचा साफ करायला अर्धा दिवस, हाताने तार ओवायला जवळपास एक दिवस, मग पाणी भरून रात्रभर ठेवणं आणि सकाळी पुन्हा मेगर. पाण्यात भिजवल्याशिवाय दिलेल्या मोटारीचा मेगर कोरडेपणी छान दिसतो आणि बोअरमध्ये उतरल्यावर पडतो. तेव्हा आज सकाळी आलेली मोटार परवा सकाळी, हेच खरं उत्तर. संध्याकाळ सांगून दोन दिवस लावण्यापेक्षा परवा दुपार सांगून सकाळीच दिलेली बरी.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: ‘या आठवड्यात तुमच्या फीडरला लाइट दिवसा की रात्री?’ बऱ्याच फीडरवर (गावाकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर) शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. त्याची पाळी सुरू व्हायच्या आधी मोटार बोअरमध्ये सुटली पाहिजे, या हिशेबाने कामाचा क्रम लावा. दुकानात मोटारी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने करण्याचा हट्ट इथे उपयोगाचा नाही. पण क्रम बदललात तर मागे गेलेल्याला तुम्हीच आधी फोन करा.

मोटार देऊन मोकळं होणं

शक्य असेल तर पहिल्यांदा सुरू करताना हजर राहा. तिन्ही फेजमधलं व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचे अँपिअर मोजून लिहून ठेवा. 7.5 एचपीची सबमर्सिबल साधारण 14-15 अँपिअर घेते, मात्र पाटीवरचा आकडा अंतिम. व्होल्टेज 350 च्या खाली असेल तर मोटार चालवू नका, असं स्पष्ट सांगा. पाणी कमी येत असेल तर आधी दोन फेज अदलाबदल करून फिरण्याची दिशा पाहा. उलटी फिरणारी मोटार चालते, पण पाणी नीट देत नाही.

ओव्हरलोड रिले (जादा अँपिअर गेले की मोटार बंद करणारा) पाटीच्या अँपिअरवर लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजच्या वाटेत असेल तर तिथे पाटीच्या 0.58 पट ठेवायचं. 15 अँपिअरला सुमारे 8.7. हे चुकलं की रिले असून नसल्यासारखाच. ऑटो स्विच (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा) असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) बायपास केलेला नाही ना, तेही बघून पावतीवर लिहा. प्रिव्हेंटर नसेलच तर ‘प्रिव्हेंटर नाही, गॅरंटी फक्त वाइंडिंगच्या दोषाची’ अशी एक ओळ, खाली त्याची सही.

उधारी

कापूस निघाला की, केळीची कटाई झाली की देतो, हे खानदेशातलं चालत आलेलं बोलणं आहे आणि बहुतेक लोक देतातही. चूक एवढीच, की वहीत ‘कापसावर’ असं लिहिलं जातं. तार रोख घ्यावी लागते, म्हणून तारेची रक्कम आगाऊ घ्या आणि मजुरीची उधारी तारखेनिशी लिहा. मागायला जाताना लग्नात, पारावर, चार पाहुण्यांसमोर मागू नका. आदल्या दिवशी फोन करून सकाळी शेतावर जा.

शिव्या देणारा किंवा पिऊन आलेला माणूस समोर असेल तर हिशेब बोलायचा नाही. ‘आबा, सकाळी या, वही काढून बसू’ एवढंच. सकाळीही तोच सूर राहिला तर काम घेऊ नका. उघडलेली मोटार, बोल्ट, बुश, थ्रस्ट बेअरिंग, जुनी तार सगळं मोजून गोणीत भरा, यादीवर सही घ्या आणि आतापर्यंतच्या कामाचे पैसे वेगळे सांगा.