कोकणात मित्राकडे खडकांवरचे समुद्रजीव बघायला जाताय? या चुका टाळा

चिपळूण स्टेशनला उतरून गुहागरच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्याकडे दोन दिवसांची सुट्टी होती, नवीन मॅक्रो लेन्स होती, सगळं होतं, फक्त तिथी बघितली नव्हती. मित्राचं घर हेदवीच्या बाजूला. आम्हा दोघांना नाद एकच, ओहोटीला खडक उघडे पडले की त्यातल्या डबक्यांपाशी वाकून बसायचं आणि आत काय काय जगतंय ते बघत राहायचं. तो तिथेच वाढलेला, मी पुण्याचा. आणि मी पोचलो तो दिवस निघाला अष्टमीचा. दुपारी बाराला सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण होती तरी आम्हाला हवे ते दगड पाण्याखालीच. मित्र म्हणाला, "अरे आधी फोन केला असतास तर सांगितलं असतं, भांगाचं पाणी आहे, आज नाही उघडं पडणार."

तर सगळ्यात मोठी चूक हीच, सुट्टी बघून तारीख ठरवणं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी वर जास्त चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब एकदम सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी साधारण सव्वाआठला. पौर्णिमेला हाच हिशोब केला तर ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते, तेव्हा उजेड नसतो किंवा लगेच जाणार असतो, म्हणून मला विचाराल तर द्वितीया-तृतीया सगळ्यात उत्तम, उधाणाचा जोरही टिकून असतो आणि सकाळचं कोवळं ऊनही मिळतं. हा अंदाज झाला, नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या तक्त्यात बघायचीच. मुंबईची वेळ बघून रत्नागिरी जिल्ह्यात जाऊ नका, दोन्हीकडची वेळ सारखी नसते, आणि मुंबईकडे पाणी जितकं खाली जातं तितकं इकडे जातही नाही.

दुसरी चूक वेळेवर पोचण्याची. हो, वेळेवरच. ओहोटी सव्वाआठला म्हणून लोक आठला खडकावर उतरतात, थोडं रमेपर्यंत पाणी फिरलेलं असतं. दीड तास आधी उतरायचं, पाणी मागे सरेल तसतसं त्याच्या मागोमाग खाली जायचं आणि पाणी फिरलं की वर यायला लागायचं, "अजून दहा मिनिटं" करायचं नाही. पाणी सहा तासांत सारखं चढत नाही, पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतं त्यामुळे वाटतं काय घाई आहे, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. समुद्र समोरून येतो असं आपण धरून चालतो पण खडकांमधल्या घळी आधी भरतात, त्या तुमच्या पाठीमागे असतात. म्हणून एकाने डबक्यात बघायचं तेव्हा दुसऱ्याने समुद्राकडे बघायचं, आमच्यात हा नियम पक्का आहे. हेदवीची बामणघळ तर भरतीच्या वेळी कडेला जाऊन बघायची जागाच नाही, अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी सरळ उंच उडतं, फोटोसाठी कडेवर उभे राहिलेले लोक बघितले की पोटात गोळा येतो.

पायात काय घालता हेही महत्त्वाचं. स्लीपर नको, अनवाणी तर अजिबात नको. हिरवं शेवाळ निसरडं असतं आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. जुने कॅनव्हासचे बूट, पकड असलेले, बास. कापलंच तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, अशा जखमा चिघळतात.

हात लावण्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथे नुकसान दोन्हीकडून होतं. कोन शंख दिसायला फार देखणा असतो पण आत जिवंत गोगलगाय असते आणि तिच्याकडे विषारी भाल्यासारखा दात असतो, उचलायचा नाही. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची चादर पसरल्यासारखी दिसते ते झोअँथिड, प्रवाळांच्या नात्यातले जीव, त्यातल्या काहींमध्ये जबरदस्त विष असतं. वाळूत उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला म्हणजे खाली पाखट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, असेल तर आधीच सरकेल. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. आता दुसरी बाजू. दगड उलटा करून बघितलात तर हळूच होता तसा परत ठेवा, खालच्या बाजूला चिकटलेले जीव आणि अंडी उन्हात तासाभरात मरतात. रिकामा वाटणारा शंख खिशात टाकायचा नाही, आत खेकडा दडलेला असतो, नसला तरी एखाद्या खेकड्याला तो उद्या घर म्हणून लागणार असतो. आणि प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, "छोटासा तुकडा तर नेतोय" हेही चालत नाही.

फोटोत जीव दिसतच नाही, नुसतं आकाश येतं अशी तक्रार असेल तर लेन्स बदलू नका, मित्राला छत्री धरून उभं करा. सावली पडली की पाण्याचा तळ दिसायला लागतो. तरी काही दिसत नसेल तर पाच मिनिटं हलू नका, आपली सावली हलली की सगळे कपारीत जातात आणि आपण शांत झालो की एकेक बाहेर येतो. मोबाईल आणि ट्रायपॉड घरी आल्यावर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचे.

शेवटची चूक पाहुणा म्हणून होते आणि मी ती केलीय. मित्र एखादं नाव सांगायचा, मी लगेच पुस्तकातलं शास्त्रीय नाव सांगून दुरुस्त करायचो. दोन फेऱ्यांत तो बोलायचाच थांबला. नंतर त्याच्या आईने निवटे, म्हणजे चिखलात राहणारे मासे, कुठल्या चिखलात सापडतात, मुळे, म्हणजे खायचे शिंपले, कधी भरलेले असतात, कालवं फोडायची कशी हे सांगितलं तेव्हा कळलं की ह्या घराकडे जे आहे ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. आता मी वहीत दोन रकाने करतो, एकात काकू म्हणतात ते नाव, दुसऱ्यात पुस्तकातलं. आणि एका फेरीत गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने जयगड असं सगळं उरकायला जात नाही, एकच खडक, दोन सुकत्या, मधल्या वेळात काकूंना नारळ सोलून द्यायचे. पुढची तारीख मित्रानेच कळवलीय, कार्तिक वद्य तृतीया, आणि सोबत निरोप आहे की या वेळी छत्री मोठी आण.