मानेला झटका बसल्यानंतरची डोकेदुखी: फिजिओथेरपीत काय निवडावं

मागून गाडीने ठोकलं, मान झटकली आणि आठवड्याच्या आत मानेपासून कपाळापर्यंत ठणका सुरू झाला, तर आधी डॉक्टर, मग फिजिओ. हातापायांत मुंग्या, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल.

फिजिओकडे पहिल्याच दिवशी एक तपासणी करून घ्या. उताणं झोपवून, मान पूर्ण पुढे वाकवून डोकं दोन्ही बाजूंना वळवतात. साधारण ४४ अंश वळायला हवं. एका बाजूला तीसेक अंशांवरच अडकलं, तर वरच्या दोन मणक्यांमधला सांधा आखडल्याची शक्यता मोठी. तिथे मोबिलायझेशन, म्हणजे फिजिओने हाताने सांधा हळूहळू हलवून मोकळा करणं, कामाला येतं. मानेला हातही न लावता मशीन जोडणाऱ्याकडून उठून या.

शेक, टेन्स, आयएफटी (ही दोन्ही त्वचेवरून सौम्य विजेचा प्रवाह देणारी मशीन): तात्पुरता आराम. मानेचा पट्टा: आठवडेच्या आठवडे नको. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं: कधीच नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

खरी स्पर्धा मोबिलायझेशन आणि व्यायाम यांच्यात. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींचा फायदा वर्षभर टिकला. माझं मत व्यायामाच्या बाजूने, कारण तो घरी फुकट होतो.

पण हा मानेच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम बहुतेक जण चुकीचा करतात. पेशंटला शिकवताना माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ‘हनुवटी आत ओढा’ म्हटलं की लोक दात आवळून डोकं गादीत रुततं इतका जोर लावतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. जोर नकोच. उताणं झोपा, डोकं जागेवरच राहू द्या आणि नुसतं ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित खाली घ्या. दोन बोटं गळ्याच्या बाजूंना ठेवा. तिथल्या दोऱ्या ताठरल्या की तुम्ही वरवरचे स्नायू वापरताय, निम्म्यावर या. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, असं दहा वेळा. क्लिनिकमध्ये मानेखाली दाब मोजणारा फुगा ठेवून दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) २० वरून दोन-दोनने ३० पर्यंत नेतात. पहिल्या आठवड्यात २२-२४ वर अडलात तरी चालेल. आकड्यासाठी मान ताणू नका. वजनं, रबर बँड नंतर.

डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या कॅलेंडरवर लिहा. सहा आठवड्यांत दोन्ही कमी झाले नाहीत तर उपचार बदला; त्याच मशीनच्या आणखी दहा सिटिंगचे पैसे भरू नका.