घरच्याच माणसापासून म्हाताऱ्या माणसाला किती धोका आहे, हे कसे ओळखावे

आत्ता मारहाण चालू असेल तर पुढचे वाचू नका, ११२ लावा.

भेटायला जाण्यासाठी मुलगा-सून घरात नसतील अशी वेळ शेजाऱ्यांकडून काढून घ्या. गेल्यावर पासबुक आणि फोन कुणाकडे असतो, गोळ्यांच्या बिलावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या जुळतात का, एवढे पाहा.

खरे अवघड आहे ते बोलते करणे. सुरुवातीला मी एका काकूंना मुलासमोरच विचारले, ‘काही त्रास आहे का?’ ‘नाही हो, सोन्यासारखा मुलगा आहे,’ म्हणाल्या. आठवड्याने त्यांचा हात मोडला. माझ्या पाठीमागे मुलाने त्यांना जाब विचारला होता. तेव्हापासून कुणी ‘मुलाला समोर बसवून समजावा’ म्हणाले की मी स्पष्ट नाही म्हणते. एकटे गाठा. ‘त्रास’ हा शब्दही नको. आई पोटच्या पोरावर आळ येऊ देत नाही. रोजचे विचारा. काल रात्री जेवण किती वाजता मिळाले? पेन्शन कोण काढून आणतो? तो चिडला की तुम्ही कुठे जाऊन बसता? या शेवटच्या प्रश्नाला एक आजी पटकन म्हणाल्या, ‘न्हाणीघरात, आतून कडी लावून.’ मग गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. पुढचे त्यांनीच सांगितले.

आता धोका तोला. गळा दाबला असेल, एकदाच का होईना, तर जीवाला धोका आहे असेच धरा. वळ दिसेलच असे नाही, आवाज बसला का, गिळताना दुखते का विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जीवे मारण्याची धमकी, दारू, वाढत चाललेली मारहाण, बंद केलेली औषधे, घर नावावर करण्याचा तगादा: यातले दोन-तीन एकत्र दिसले तर थांबू नका. ‘आईच्या पेन्शनवर जगणारा मुलगा तिला कशाला मारेल?’ हे ऐकून घेऊ नका. पैसे आटले की तोच बिथरतो.

सल्ल्यासाठी सकाळी ८ ते रात्री ८ एल्डरलाइन ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, १४५६७. आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिले असेल आणि सांभाळत नसतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते.

तक्रार नको म्हणाल्या तरी कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि आठ दिवसांची औषधे शेजाऱ्यांकडे ठेवून या. खूणही ठरवा: दुपारी खिडकीत टॉवेल दिसला नाही, तर शेजारणीने दार वाजवायचे.